ठेव परत करताना: चांद्याचा किल्ला आणि स्वत्वाचा प्रश्न

एखाद्याचे राज्य त्याला परत द्यायचे ठरले, तर आधी फौज हलवावी की आधी कारभार सोपवावा, हा प्रश्न वरवर लष्करी वेळापत्रकाचा वाटला, तरी मुळात तो स्वत्वाचा, म्हणजे मालकीहक्काच्या स्वरूपाचा आहे. धर्मशास्त्रात स्वतःचे स्वत्व संपवून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे याला दान म्हणतात. निक्षेप म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव, आणि ती परत करणाऱ्याला दात्याचा मान नसतो, तो केवळ जबाबदारीतून मोकळा होतो. अज्ञान वारसाचे धन तो सज्ञान होईपर्यंत राजाने राखावे, ही मनुस्मृतीतील तरतूद याच विचाराची आहे.

याच कसोटीवर चांद्याची गोष्ट पाहता येते. मे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने तट फोडून चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, घेतले. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले आणि कारभार कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स पाहू लागला. १८२६च्या तहाने रघूजींना अधिकार मिळाले खरे, परंतु फौजेच्या खर्चाची हमी म्हणून चांद्यासारखे प्रांत कंपनीने आपल्याकडेच ठेवले. ते परत आले १८२९च्या तहानंतर, वर्षाला आठ लाख रुपये भरण्याच्या अटीवर. ठेव परत करताना राखणावळ कायमची लावून घेतली, असा याचा सरळ अर्थ होतो. शिवाय तैनाती फौज, म्हणजे संस्थानिकाच्या रक्षणासाठी ठेवलेली पण कंपनीच्या हुकमतीतली फौज, कामठीच्या छावणीत होतीच.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ठेव राखणाऱ्यावर रक्षणाचेही कर्तव्य असते, आणि नवख्या राजाला उघड्यावर टाकून निघून जाणे हाही विश्वासघातच ठरला असता. परंतु धोका टळला की नाही हे ठरवण्याचा अधिकार राखणदाराकडेच राहिला, तर निघण्याचा दिवस कधीच उजाडत नाही. म्हणून फौज केव्हा हलणार हे ठरवण्याचा हक्क आधी मालकाकडे जायला हवा, मग फौज प्रत्यक्षात चार महिने उशिरा निघाली तरी बिघडत नाही.

मालक कोण, हा उपप्रश्न मात्र अवघड आहे. चांद्याच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह, आणि १७५१ मध्ये भोसल्यांनी चांदा घेतले ते त्यांच्याकडूनच. ज्या भोगाला, म्हणजे ताब्याला, आगम, म्हणजे हक्काचे वैध मूळ नाही, तो मिताक्षरा या धर्मशास्त्रावरील टीकाग्रंथाला पुरेसा वाटत नाही. त्या कसोटीवर रघूजींचा दावाही डळमळतो, आणि अहेरीसारख्या जंगली जमीनदाऱ्यांना तर दोन्ही तहांत कोणी काही विचारलेच नव्हते.

डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा चांद्याला वेढा घालावा लागला नाही. कामठीची छावणी जागच्या जागी होती.