बुजऱ्या जिवाचा नकार

गिनीपिग पाळणाऱ्या घरात पहिल्या काही आठवड्यांत एकच तक्रार ऐकू येते: तो जवळ येत नाही. पिंजऱ्यात हात गेला की कोपरा गाठतो, पाणी बदलायला कोणी वाकलं तरी गवताखाली शिरतो, घरात भांडं पडलं तर कितीतरी वेळ हलत नाही. मग सल्ले मिळतात. रोज उचलून घ्या, मांडीवर बसवा, धरून ठेवा, सवय होईल. खरोखरच काही दिवसांनी तो मांडीवर चुळबुळ न करता बसू लागतो आणि घरचे समाधानाने म्हणतात, माणसाळला. हा निष्कर्ष मला मान्य नाही. अर्धा किलो ते सव्वा किलो वजनाच्या, न चावणाऱ्या, न ओरबाडणाऱ्या या जिवापुढे माणसाची ताकद अमर्याद असते. सगळी सत्ता एकाच्याच हाती असताना दुसऱ्याचं गप्प बसणं हा विश्वास आहे की हार, हे ओळखायचं कसं? माझ्या मते त्याला एकच कसोटी आहे. त्या जिवाला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याचं काही बिघडत नाही ना, हे पाहायचं. ज्याला नकारच देता येत नाही त्याच्या होकाराला काही अर्थ उरत नाही. अभयाचा एवढा खोल विचार करणाऱ्या आपल्या परंपरेने हा मुद्दा पाळीव जनावरांपर्यंत न्यायला हवा होता, असं मला वाटतं.

आधी हा प्राणी नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याचं बुजरेपण हा स्वभावदोष नाही. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला. आजच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांच्या डोंगराळ भागात माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी घरात आणलं ते मांसासाठी. तिथे त्याला ‘कूय’ म्हणतात आणि आजही तो सणासुदीला शिजतो. कूस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या अठराव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे आणि त्यात मेजावरच्या ताटात असाच एक प्राणी उताणा पडलेला दिसतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला. तिथे आधी हौसेचा प्राणी झाला आणि पुढे प्रयोगशाळेतला. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यामागच्या प्रयोगांत गिनीपिग होते. होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी १९०७ साली स्कर्व्ही हा रोग आहारातल्या उणिवेमुळे होतो हे दाखवलं तेही याच प्राण्यावर, कारण माणसाप्रमाणे त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ताटात असो की प्रयोगाच्या टेबलावर, या प्राण्याच्या इतिहासात माणसाचा हात जवळ येणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी नव्हती.

शरीरही त्याच इतिहासाला साजेसं आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागून-वरून येणारं सावट त्याला चटकन दिसतं. पिल्लू आईच्या पोटात सुमारे दोन महिने राहतं आणि जन्मतं ते उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊन. थोड्याच वेळात ते पळू शकतं. शिकार होणाऱ्या जिवाला लांब बालपण परवडत नाही. धोक्यात त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात. आडोसा जवळ असेल तर पळणं, नसेल तर जागच्या जागी थिजणं, कारण शिकाऱ्याची नजर हालचाल टिपते. हे लक्षात घेतलं की मांडीवरच्या त्या निश्चल गिनीपिगचं वाचन बदलतं. पळायला जागा नव्हती म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला असण्याची शक्यता निदान तितकीच असते. बाहेरून पाहता शांतपणा आणि भीतीने आलेलं थिजलेपण सारखंच दिसतं.

या बाबतीत मानसशास्त्रातला एक इतिहास फार बोलका आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी प्रयोगात दाखवलं की, टाळताच न येणारे विजेचे झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बरेचदा ती धरत नाहीत, पडून राहतात. प्रयोग क्रूर होता आणि तो तसाच म्हटला पाहिजे. त्यावरून निष्कर्ष निघाला की हे प्राणी असहायता शिकले. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे याच दोघांनी आपली मांडणी उलटी केली. लांबलेल्या त्रासात निपचित पडणं हा शरीराचा मूळचाच प्रतिसाद आहे आणि आपल्या कृतीने काही बदलतं, ही गोष्ट शिकावी लागते, असं त्यांनी मांडलं. रोज बळेच मांडीवर घेतल्या जाणाऱ्या प्राण्याला आपण नेमकं काय शिकवतो? धडपड केल्याने काही होत नाही, एवढंच. आणि धडपड थांबली की आपण त्याला प्रेम समजतो.

आता परंपरेकडे वळू. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची यादी आहे आणि त्यात अभय सगळ्यांत आधी येतं. संन्यास घेणारा सर्व भूतांना अभय देतो. जैनांच्या सूत्रकृतांगाने सगळ्या दानांमध्ये अभयदानाला श्रेष्ठ मानलं. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. अभय ही देणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे. समोरच्याने निर्भय व्हावं असा हुकूम त्यात नाही, कृतज्ञतेची अपेक्षाही नाही. पतंजलीने अहिंसेत स्थिर झालेल्या माणसाच्या सहवासात इतरांचं वैर गळून पडतं असं सांगितलं, त्यातही सगळा खटाटोप त्या माणसाने स्वतःवर करायचा आहे, वैर सोडणाऱ्याला कोणी वळण लावत बसत नाही. तरीही व्यवहारात आपली अहिंसा बहुतेक वेळा जीव वाचवण्यापाशी थांबते. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून १८३२ साली मुंबईत दंगा झाला आणि दोन वर्षांनी पांजरपोळ उभी राहिली, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण वाचलेला जीव भीतीत जगतो की निर्धास्त, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

तो प्रश्न ज्ञानेश्वरांनी विचारला होता, असं मला तेरावा अध्याय वाचताना दर वेळी जाणवतं. अहिंसेचं निरूपण करताना ते तत्त्व सांगून पुढे जात नाहीत. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, श्वास कसा घेतो, बोलतो कसा, पाहतो कसा, हात कसे आवरून धरतो, हे एकेका अवयवाला धरून सांगतात, आणि मग या सगळ्याचं मूळ मनात आहे इथवर येतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या निरूपणात भित्र्या जिवापुढे वागण्याची रीत जवळजवळ जशीच्या तशी आहे. वरून आलेला हात गिनीपिगला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो, म्हणून हात खालून, बाजूने, त्याला दिसेल असा यावा. रोखलेली नजर शिकाऱ्याची असते, म्हणून डोळे बाजूला असावेत. पाऊल न आपटता यावं, आणि येण्याआधी ओळखीच्या हलक्या आवाजाची चाहूल द्यावी. पिंजऱ्यात लपायला घरकुल असावं आणि त्याला दोन दारं असावीत, म्हणजे एका दाराशी कोणी आलं तर दुसरीकडून निघता येतं. मग जमिनीवर बसून राहायचं, हातात कोथिंबिरीची काडी धरायची आणि बाकी काही करायचं नाही. तो येईल, काडी ओढून पळेल. पळाला की त्याच्यामागे हात जाता कामा नये. सगळ्यात महत्त्वाची घटना मी हीच मानतो. तो निघून गेला आणि काहीच वाईट घडलं नाही, हा त्याच्यापुढे ठेवलेला पुरावा आहे. असे पुरावे साठत गेले की जवळ येणं ही त्याची स्वतःची निवड होते. यात दिवसांचा हिशेब कोणी देऊ नये, कारण प्रत्येकाची भीती वेगळी. एकटा असेल तर ती आणखी लांबते. जर्मनीत म्युन्स्टरला नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, अनोळखी जागी नेलेल्या नराच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक त्याची जोडीदारीण सोबत असताना कमी वाढत असल्याचं दिसलं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्याने मनाई आहे. माणूस कितीही प्रेमळ असला तरी तो या सोबतीची जागा घेऊ शकत नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

याला पहिला आक्षेप असा की हा सगळा भावुकपणा आहे. प्राणी काडीच्या लोभाने येतो, त्याला सवय लागते, विश्वास हा माणसांमधला शब्द. आक्षेपातलं अर्धं खरं आहे. फ्रिजचं दार उघडताच किंवा पिशवी खुळखुळताच हे प्राणी शीळ घातल्यासारखे ओरडतात, त्याला विश्वास म्हणणं चूक ठरेल. पण विश्वासाची व्याख्या नीट केली तर बाकीचं अर्धं टिकत नाही. ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली लिहिलेल्या निबंधात विश्वास म्हणजे दुसऱ्याला आपल्याला इजा करता येईल अशा स्थितीत, तो ती करणार नाही या भरवशावर, स्वतःला राहू देणं, अशा आशयाची मांडणी केली, आणि करारमदार करणाऱ्या बरोबरीच्या माणसांपुरता विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांना तान्ह्या मुलाच्या विश्वासाची आठवण करून दिली. तान्हं मूलही काही प्रतिज्ञा करत नाही. मग गिनीपिगच्या बाबतीत पाहायचं ते एवढंच की तो सावधपणा कधी खाली ठेवतो. काडी संपल्यावरही तो तिथेच राहतो का, माणसाच्या शेजारी पाय पसरून आडवा होतो का, अंग चाटत बसतो का, मध्येच जागच्या जागी आनंदाने उसळतो का. भ्यालेला प्राणी सहसा यातलं काही करत नाही. त्याच्या मनात कोणता विचार आहे हे ठामपणे सांगण्याची गरज नाही. स्वतःला असुरक्षित स्थितीत आपणहून ठेवणं दिसतं, आणि पळायची वाट मोकळी असताना दिसतं, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला सहजी बाजूला सारता येत नाही. ज्याला पिंजऱ्यात ठेवलं त्याला कसलं अभय देता? महाभारतातल्या शिबी राजाच्या मांडीवर कबूतर आपणहून आलं होतं. ससाणा मागे लागलेला, राजाने आसरा दिला, आणि त्यासाठी स्वतःचं मांस तराजूत घातलं. गिनीपिग कोणाकडे शरण आलेला नाही. त्याला दुकानातून, खोक्यात घालून, कळपातून वेगळा करून आणलं. त्याची निम्मी भीती तर आपणच तयार केली. म्हणून या नात्यात दान हा शब्द वापरायला मी तयार नाही. इथे अभय हे देणं आहे, फेडायचं देणं. पण आक्षेपाचा पुढचा भाग, म्हणजे मग सोडून द्या, हा मान्य करता येत नाही. क्युंट्सल आणि झाक्सर यांनी १९९९ साली पाळीव गिनीपिगची त्याच्या रानटी भाईबंदांशी तुलना केली, तेव्हा पाळीव प्राणी कमी आक्रमक, परिसराबद्दल कमी सावध आणि ताणाला कमी संप्रेरक सोडणारे दिसले. हजारो वर्षांत माणसाने त्याची रानात जगण्याची धार बोथट केली आहे, भीती मात्र पुरती गेलेली नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या बागेत सोडलेला गिनीपिग मांजर, कावळा, घार किंवा एप्रिलचं ऊन यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती लवकरच संपेल. उकाडा तर त्याला घरातही सोसत नाही. तेव्हा या आक्षेपाचं खरं उत्तर मुलांच्या हट्टाखातर नवे प्राणी विकत न आणणं हे आहे. जे आधीच घरात आहेत त्यांच्या बाबतीत, बाहेरचं दार उघडता येत नाही म्हणून आतली जितकी दारं उघडी ठेवता येतील तितकी ठेवणं भाग आहे.

उरला व्यवहाराचा आक्षेप: नकार मानायचा म्हटलं तर नखं कोण कापणार, औषध कोण देणार? गिनीपिग आजार लपवतो, शिकार होणाऱ्या जिवाने दुबळेपण दाखवून चालत नाही. म्हणून दर आठवड्याला त्याचं वजन करावं लागतं. त्याने एक दिवस खाणं सोडलं तरी आतड्याचं काम मंदावून जीव धोक्यात येतो, मग पिचकारीने भरवावं लागतं, आणि तेव्हा त्याची संमती कोणी विचारत बसू नये. इथे माझी कसोटी मोडते का? मला तसं वाटत नाही, कारण नकाराचा मान राखायचा तो त्या जिवाच्या भल्यासाठीच. पण सवलत कुठवर, हे काटेकोरपणे ठरवलं पाहिजे. त्याच्या गरजेसाठी धरणं वेगळं आणि आपल्या हौसेसाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी, फोटोसाठी धरणं वेगळं. पहिलं थोडक्यात उरकावं, दोन्ही हातांनी छाती आणि मागचा भाग नीट आधारून उचलावं आणि काम झालं की घरकुलाच्या दाराशी ठेवून हात मागे घ्यावा. दुसऱ्याला सवलत नाही, मूल कितीही रडलं तरी. आणि काही गिनीपिग सगळं नीट करूनही जन्मभर हातावर येत नाहीत. त्यांच्या पूर्वायुष्यात काय घडलं ते आपल्याला कळणार नसतं. त्यांनी आपल्याला काही द्यायचं बाकी राहिलं आहे असं समजणाऱ्याने अभय हा सौदा मानलेला असतो, आणि अशा प्राण्याचं गवत, ढोबळी मिरची, सोबती आणि दोन दारांचं घरकुल यांत तसूभरही कपात करायचा त्याला अधिकार पोचत नाही.