राबणं झालं, व्यायाम राहिला

पेणच्या बाजारात विचारा नाहीतर रोह्याच्या, व्यायामाचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं. ‘‘आम्हाला कसला व्यायाम? दिवसभर राबतो ते काय कमी आहे?’’ लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून उभ्या राहिलेल्या माणसाला ‘जरा चालायला जात जा’ असं सांगणं हा उद्धटपणाच होईल. धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा आणि पहाटेच्या गाडीत उभ्याने पनवेल गाठणारा, हे दोघेही तेच म्हणतील. अंग दुखतंय म्हणजे व्यायाम झाला, असा सगळ्यांचा हिशेब.

मनापुरता तरी हा हिशेब चुकतो. रिआनन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली शारीरिक हालचाल आणि मन यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. हालचाल कुठे आणि कशासाठी होते, यानुसार त्यांनी तिची वाटणी केली. फावल्या वेळात आवडीने केलेल्या हालचालीचं मनःस्वास्थ्याशी चांगलं नातं दिसलं. घरकामातल्या हालचालीचं कसलंच नातं दिसलं नाही. आणि पोटापाण्यासाठीचे कष्ट जिथे जास्त, तिथे मनाच्या तक्रारीही जास्त आढळल्या. हे नातं आहे, कारण नव्हे. कष्टाच्या कामाबरोबर कमी पगार, कर्ज आणि मुकादमाची बोलणीही येतात. तरी ‘राबतो म्हणजे झालं’ या समजुतीला एवढा धक्का पुरेसा आहे.

मला इथे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनायक नरहरी भावे आठवतात. जन्म ११ सप्टेंबर १८९५, जगाला ठाऊक असलेलं नाव विनोबा. १९३८ साली वर्ध्याजवळ काम करता करता त्यांची प्रकृती पार ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास आलं. गांधीजींनी त्यांना विश्रांतीसाठी हवापालट सुचवला. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण न निवडता जवळचंच पवनार निवडलं. तिथे जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. गांधीजींची अट एकच होती, आश्रमाच्या चिंता बरोबर न्यायच्या नाहीत. विनोबांनी ती अक्षरशः पाळली. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळं सोडून दिलं, आणि पवनारला जाऊन कुदळ हातात घेतली. सुरुवातीला खणणं अगदी थोड्या मिनिटांचं, तेही थांबत थांबत. मग रोज थोडी भर. वर्षाच्या आत वजन सुमारे चाळीस पौंडांनी वाढलं. पुढे १९५१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हाच माणूस भूदानासाठी चालू लागला आणि तेरा वर्षं चालत राहिला.

विनोबांना मनाचा आजार नव्हता, खचलं होतं ते शरीर. पण खणणं बघा. रोजगारावर जाणारा मजूर तेच करतो आणि संध्याकाळी मोडून घरी येतो. कुदळ तीच, माती तीच. किती खणायचं हे इथे विनोबा ठरवत होते, तिथे मुकादम ठरवतो. काल जमलं त्याहून आज थोडं अधिक जमतंय, हे विनोबांना दिसत होतं. मजुराला दिसतो तो फक्त उरलेला चर.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या उमेदीचा शोध घेताना मनाच्या तीन गरजा सांगितल्या. गोष्ट आपण निवडलेली असावी, ती आपल्याला जमतेय असं वाटावं, आणि सोबत आपली माणसं असावीत. क्रीडा मानसशास्त्रात आज या तिन्हींचा सतत आधार घेतला जातो. आमच्याकडे मात्र हे समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही. भातकापणी उरकली की पेण, रोहा, अलिबाग या सगळ्या पट्ट्यात कबड्डीचे सामने लागतात. दिवसभर भारे वाहिलेला गडी रात्री दिव्यांच्या उजेडात मैदानात उतरतो. थकव्याच्या हिशेबाने त्याने केव्हाच झोपायला हवं होतं. पण चढाईच्या तीस सेकंदांत, एका दमात, समोर सात जण टपलेले असताना बँकेचा हप्ता आठवायला डोक्यात जागाच नसते. पकड झाली तरी पाठीवर थाप मारायला संघ असतो. अमेरिकेतल्या बारा लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये आला. व्यायाम करणाऱ्यांचे महिन्यातले मन ठीक नसल्याचे दिवस न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होते, आणि सर्वांत मोठा फरक सांघिक खेळ खेळणाऱ्यांत होता. अति केलं की गणित पुन्हा बिघडत होतं, हेही त्यात होतं. पाऊण तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, हे प्रमाण सर्वांत चांगलं ठरलं.

आता शंका अशी की, आनंदी माणसंच खेळायला जात असतील तर? रास्त शंका. म्हणून ड्यूक विद्यापीठातला जेम्स ब्लूमेन्थाल यांचा १९९९ चा प्रयोग महत्त्वाचा. नैराश्य असलेल्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला औषध, दुसऱ्याला गटाने व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. याचा अर्थ चालू गोळ्या बंद करून पळत सुटावं असा नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टर गाठावा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांकही त्यासाठीच आहे.

खटकतं ते वेगळंच. कबड्डीचं मैदान आहे, पण तिशीपर्यंत आणि बहुतेक पुरुषांचंच. शाळेत चढाई गाजवणाऱ्या मुली लग्नानंतर कुठे जातात? हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत बायका तासन्‌तास बसून रंगकाम करतात, घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. ‘तिचा व्यायाम तर घरातच होतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! छाननीत शून्य मिळालं ते नेमकं याच घरकामाला. तिला कमी पडते ती मेहनत नाही. कमी पडतो तो स्वतः ठरवलेला अर्धा तास आणि बरोबर एखादी मैत्रीण.

तेव्हा पुरुषमंडळींना एवढंच सांगणं. आज संध्याकाळी कुकर तुम्ही लावा आणि तिला मैत्रिणीबरोबर जाऊ द्या, रोह्यात कुंडलिकेच्या काठाने, पेणला भोगावतीच्या. आणि ती परत आल्यावर ‘एवढा वेळ कुठे होतीस’ असं विचारू नका.