रस फसफसला, प्राण कुठे होता?

1896 साली म्युनिकमध्ये हान्स बुखनर आणि त्यांचे धाकटे भाऊ एडुआर्ड यांना यीस्टचा रस हवा होता, औषधी उपयोगासाठी. यीस्ट वाळूबरोबर खलात घोटायचं आणि लगदा फडक्यात बांधून दाबयंत्राखाली पिळायचा. रस नासू नये म्हणून, मुरंब्याच्या न्यायाने, त्यात भरपूर साखर घातली. झालं भलतंच. रस फसफसू लागला. साखरेची दारू होत होती, आणि भांड्यात जिवंत पेशी एकही नव्हती.

हे सोपं प्रकरण नव्हतं. लुई पाश्चर यांच्या मते आंबणं ही जगण्याचीच क्रिया. जीव नाही तिथे किण्वन नाही. सजीवांत रसायनाच्या नियमांपलीकडची प्राणशक्ती असते, असं मानणाऱ्यांना त्यातून बळ मिळे. पाश्चर 1895 मध्येच वारले, त्यामुळे त्यांचा प्रतिवाद ऐकायचा राहिला. रसातल्या कर्त्याला एडुआर्डनी ‘झायमेज’ नाव दिलं. 1907 चं नोबेल त्यांना मिळालं.

मग विकर, म्हणजे एन्झाइम, हाच प्राण म्हणायचा का? मोह होतो खरा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात अन्न पचवणारा वैश्वानर अग्नी हे ईश्वराचंच रूप आहे. पण अग्नी ताप देऊन काम उरकतो. विकराला 37 अंश पुरतात, आणि ते कुणाला ढकलत नाही. जे कधीतरी होणारच होतं त्याच्या वाटेतला चढ ते कमी करतं. उताराची दिशा बदलणं त्याच्या हातात नाही.

‘कधीतरी’ म्हणजे किती? डीएनए-आरएनएचे काही घटक घडवणारी एक पायरी विकराविना निम्मी पुरी व्हायला सुमारे 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील. डायनोसॉरांच्या काळात काढलेलं काम आज कुठे अर्ध्यावर आलं असतं! विकराच्या खोबणीत तेच सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतं. प्राण शोधायचाच तर तो शक्तीत नव्हे, या वेळेच्या हिशेबात शोधावा.

1926 मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक काढून ते प्रथिन असल्याचं दाखवलं. प्रथिन, म्हणजे चक्क एक पदार्थ.

तरीही पाश्चर पुरते हरले नाहीत. बुखनरांचा रस काही दिवसांत निकामी होई, कारण त्यातलीच प्रथिनं पचवणारी विकरं झायमेजला खाऊन टाकत. पिळलेल्या रसातून नवा रस कधी झाला नाही; दर वेळी ताजं यीस्टच आणावं लागलं.