हात पुढे करणारी माणसं

हिवतापावरची लस किंवा औषध तपासायला निरोगी माणसाच्या हातावर मुद्दाम डास बसवतात. त्यासाठी प्रयोगशाळांत बहुतेक वेळा ॲनोफिलीस स्टिफेन्सी या जातीचे डास पाळलेले असतात, आणि या जातीची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या वऱ्हाडातली आहे. विल्यम ग्लेन लिस्टन या सरकारी डॉक्टरने एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, वर्षभर ॲनोफिलीसच्या सवयी न्याहाळल्या आणि १९०१ साली ती माहिती प्रसिद्ध केली. मुंबईच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणारा, शहरात हिवताप पसरवणारा डास तो हाच. यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात हे फारसं कुणाला ठाऊक नसेल. मला मात्र हे कळल्यापासून वाटतं की, हे प्रयोग परदेशातले आहेत, असं म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

हिवतापाच्या संशोधनात माणूस पहिल्यापासून होता. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने ज्या डासात परजीवी पाहिला, त्या डासांना रक्त पाजणारा रुग्ण होता हुसेन खान. त्याला एका डासामागे एक आणा मिळाला. हुसेन खान आधीच आजारी होता, त्यामुळे त्याच्या जिवाला वाढीव धोका नव्हता. त्याआधी दोन वर्षं, १८९५ मध्ये, याच रॉसने लछमन नावाच्या तरुणाला मेलेले डास पडलेलं पाणी प्यायला दिलं होतं. हिवताप पाण्यातून पोटात जात असावा, असा तेव्हाचा एक तर्क होता. तो तरुण निरोगी होता. शास्त्राच्या इतिहासात दोघांची नावं शेजारी शेजारी येतात, पण दोघांकडून मागितलेली गोष्ट एक नव्हती. एकाच्या दुखण्याचा उपयोग केला गेला, दुसऱ्याला दुखणं देऊ केलं गेलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या दुसऱ्या मागणीचीच आहेत.

१९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमहून हिवतापाचे डास लंडनला मागवले आणि स्वतःच्या मुलाला चाववले. मुलगा वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याला ताप आला, रक्तात परजीवी दिसले, आणि हिवतापाचा मागमूस नसलेल्या शहरात डासाचा गुन्हा सिद्ध झाला. बापाने परक्याला पुढे केलं नाही, हे मला मोलाचं वाटतं. तरीही बापाच्या सिद्धांतासाठी मुलगा नाही म्हणू शकला असता का, हा प्रश्न उरतोच.

मग ही मागणी अशा माणसांकडे गेली ज्यांचं नाही कुणी ऐकणार नव्हतं. १९१७ मध्ये व्हिएन्नात वाग्नर-याउरेग यांनी उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना हिवताप टोचला. तापाने काहींची प्रकृती सुधारली, आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंग्लंडमध्ये एप्समच्या हॉर्टन रुग्णालयात याच उपचारासाठी डास पाळले जात आणि त्याच रुग्णांवर हिवतापाचा अभ्यासही होई. उपचार कुठे संपतो आणि प्रयोग कुठे सुरू होतो, हे त्या खाटेवरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न टाळता येणं अशक्य झालं. दाखाउच्या छळछावणीत क्लाउस शिलिंग या नामांकित हिवतापतज्ज्ञाने हजाराहून अधिक कैद्यांना हिवताप दिला. युद्धानंतर त्याला फाशी झाली. ऑस्ट्रेलियात केर्न्स इथे नील हॅमिल्टन फेअरली यांनी सैनिक स्वयंसेवकांवर ॲटेब्रिन हे हिवतापाचं औषध तपासलं. हे फेअरली १९२२ ते १९२५ या काळात मुंबईत उष्णकटिबंधीय रोगांचं काम करत होते आणि इथेच स्वतः आजारी पडून परतले होते. अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात चारशेहून अधिक कैद्यांनी सही करून हिवताप घेतला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी नेमकं याच तुरुंगाकडे बोट दाखवलं. दाखाउ आणि स्टेटव्हिल एक नव्हेत. सही घेणं आणि जबरदस्ती करणं यात फार मोठं अंतर आहे. पण गजाआडच्या माणसाच्या सहीला बाहेरच्या माणसाच्या सहीइतकं वजन असतं, असं मी म्हणणार नाही. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची खुशीची संमती पहिल्या क्रमांकावर ठेवली, आणि स्टेटव्हिलमधले प्रयोग त्यानंतरही सत्तरच्या दशकापर्यंत चालू राहिले.

आज विदर्भातल्या कुठल्याही गावात आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते, व्हायवॅक्स जातीचा परजीवी निघाला तर १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू होतात. यकृतात दडलेला परजीवी त्या गोळ्यांनी मरतो, नाहीतर महिन्यांनी ताप उलटतो. हे औषध स्टेटव्हिलच्या कैद्यांवर पारखलं गेलं. ते काहींच्या तांबड्या पेशी का फोडतं, याचा उलगडाही १९५६ मध्ये तिथल्याच अभ्यासातून झाला: जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता. ती आपल्या आदिवासी भागातही आढळते, म्हणून ही गोळी देताना डॉक्टर जपतात. आपल्या घरातल्या पोराचा ताप ज्या ज्ञानाने उतरतो, ते अशा माणसांच्या अंगावर मिळवलेलं आहे. ते परत करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. त्याचं ऋण मान्य करावं आणि पुढचं ज्ञान तसं मिळवू नये, एवढंच आपल्या हाती आहे.

१९७६ मध्ये हिवतापाचा फाल्सिपॅरम जातीचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागला आणि चित्र पालटलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सहा स्वयंसेवकांना अशा परजीवींवर पोसलेले डास चाववले गेले. तेव्हापासूनची पद्धत साधारण अशी: जाळी लावलेल्या डब्यात पाच डास, त्यावर हात. आठवड्याभरानंतर रोज रक्ततपासणी, आणि परजीवी दिसताच औषध. १९९७ मध्ये आरटीएस,एस ही हिवतापाची लस घेतलेल्या सातपैकी सहा जणांना अशा चाव्यांनंतरही हिवताप झाला नाही. तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळायला २०२१ उजाडलं. दुसरी लस आर२१. ती ऑक्सफर्डमध्ये घडली, तिथल्या स्वयंसेवकांनी डासांसमोर हात धरले, आणि तिचं उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचीही शिफारस झाली. त्याच वर्षी जगात हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. अशा आकड्यापुढे हे प्रयोगच नकोत, असं म्हणणं मला जमत नाही.

पण पुण्यात बनणाऱ्या त्या लशीने आपला सगळा प्रश्न सुटत नाही. ती फाल्सिपॅरमवर आहे. व्हायवॅक्स अजून प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही, त्याच्या अभ्यासाला रुग्णाचंच रक्त लागतं. कोलंबियात काली इथे तसे अभ्यास झाले आहेत. टांझानियाच्या बागामोयोत, केनियाच्या किलिफीत फाल्सिपॅरमवर झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये अशा अभ्यासांच्या धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. म्हणजे विषय आता आपल्या दाराशी आहे.

इथे मला आमची एमआयडीसी दिसते. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला कुणी म्हटलं, तीन आठवडे आमच्या देखरेखीखाली राहा, बुडालेली मजुरी देऊ, वर आणखी काही देऊ. रक्कम मोठी असेल तर त्याची गरजच सही करेल. काहीच दिलं नाही, तर तो येऊच शकणार नाही. गरिबाला सरसकट वगळावं, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण डास त्यालाच जास्त चावतात आणि स्वतःच्या आजाराबद्दल ठरवायचा हक्क त्यालाही आहे. दुसरी अडचण खोल आहे. बाकीच्या चाचण्यांतून माणूस कधीही उठून जाऊ शकतो. इथे अंगात परजीवी असताना औषध न घेता निघून जाणं जिवावर बेतू शकतं. माघारीचा हक्क इथे औषधाच्या गोळीशी बांधलेला आहे, आणि हे सहीआधी शांतपणे, त्याच्या बोलीत सांगायला हवं.

माझं मत असं: भारतात व्हायवॅक्सचे असे अभ्यास व्हावेत, सरकारी संस्थांत व्हावेत, आणि भरपाईचा दर बुडालेल्या मजुरीवर व प्रवासखर्चावर उघडपणे ठरावा. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती कागदावर राहू नये. संशोधकांनी आपल्या हाताखालचे विद्यार्थी आणि कर्मचारी यांना मात्र विचारूच नये.

आणि असा अभ्यास उद्या आपल्या जिल्ह्यात आला, तर घाबरून पळू नका, भारावून सहीही करू नका. मराठीतलं संमतीपत्र मागा, विम्याचा कागद पाहा, आणि निष्कर्ष गावात येऊन सांगणार का, ते आधी लिहून घ्या.