खेळावर किती खर्चावें?

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत 'करावें कीं न करावें' या प्रश्नाला जेवढें स्थान मिळतें, तेवढें 'किती करावें' या प्रश्नाला मिळत नाहीं. चोरी करूं नये, विश्वासघात करूं नये, हें सांगतांना मापाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु संसारी मनुष्यासमोर रोज येणारे प्रश्न बहुधा मापाचेच असतात. लग्नांत किती खर्च करावा, देणगी किती द्यावी, घर केवढें घ्यावें, हे ते प्रश्न होत. त्यांच्याच पंक्तीला बसणारा एक लहानसा प्रश्न मी आज विचारार्थ घेत आहें. टीव्हीला जोडून खेळावयाचें जें यंत्र आज सर्वत्र 'कन्सोल' या नांवानें ओळखलें जातें, त्याच्यावर मध्यम स्थितींतील कुटुंबानें किती पैसा घालावा? विषय क्षुल्लक आहे असें कित्येकांस वाटेल. परंतु मोठ्या प्रसंगीं रूढि आपल्या वतीनें निर्णय करून टाकते. लहान खरेदीच्या वेळीं निर्णय आपणांसच करावा लागतो, आणि म्हणून घराची खरी नीति तेथें अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारतांत विक्रीस आलें. डिस्क घालण्याची सोय असलेल्या यंत्राची किंमत त्या वेळीं ४९,९९० रुपये होती, व ती सोय नसलेल्या यंत्राची ३९,९९० रुपये. मायक्रोसॉफ्ट कंपनीचीं दोन एक्सबॉक्स यंत्रें नोव्हेंबर २०२० मध्येंच आलीं होतीं. त्यांतील मोठ्याची किंमत ४९,९९० व लहानाची ३४,९९० रुपये होती. म्हणजे एकाच हौसेसाठीं पस्तीस, चाळीस आणि पन्नास हजार असे तीन आंकडे कुटुंबासमोर उभे राहिले. चौथा आंकडा शून्याचा. तोही विचारांत घेतला पाहिजे.

शून्याचा पक्ष घेणारे म्हणतात कीं, हा सर्व पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे. या आक्षेपाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे एके काळीं कादंबरी वाचणें हें तरुणांस बिघडविणारें व्यसन समजलें जात असे, आणि नाटकाच्या नादीं लागलेला मुलगा वायां गेला असें घरोघर म्हटलें जाई. आज तींच घरें नाट्यसंगीत अभिमानानें ऐकतात. योहान हॉयझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, खेळ हें संस्कृतीचें फावल्या वेळचें अपत्य नसून संस्कृतीच खेळांतून आणि खेळाच्या रूपानें वाढते. हें मत पूर्णतः मान्य करण्याची आवश्यकता नाहीं. तथापि जो गृहस्थ बुद्धिबळाचा पट, क्रिकेटची बॅट आणि पेटी यांवर निःशंकपणें खर्च करतो, त्याला केवळ वीज लागते म्हणून एखादा खेळ त्याज्य ठरवितां येणार नाहीं. खेळ वाईट असूं शकतो, खेळाचा अतिरेकही होऊं शकतो; पण तें पुस्तकांविषयींही खरें आहे.

दुसरें टोक 'माझा पैसा, माझी मर्जी' असें म्हणणाऱ्यांचें. एकट्या मनुष्याच्या बाबतींत यांत थोडेंबहुत तथ्य असेल. कुटुंबांत मात्र 'माझा पैसा' हा शब्दप्रयोग फारसा टिकत नाहीं. मिळविणारा एक असतो. त्याच्या मिळविण्याला आधार देणारे, आणि त्या मिळकतीवर ज्यांचा न मागितलेला हक्क असतो असे, अनेक असतात. आजोबांचें औषध, धाकटीची फी, कामाला येणाऱ्या बाईंची दिवाळी, हे सारे त्याच थैलीचे भागीदार होत.

आतां किंमत म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. कारण दुकानांतील चिठ्ठीवरचा आंकडा ही या वस्तूची खरी किंमत नव्हे. या धंद्याची रीत अशी कीं, यंत्र शक्य तितकें स्वस्त विकावें, प्रसंगीं तोटाही सोसावा, आणि नफा खेळांवर व वर्गणीवर काढावा. मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यांत मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनीं साक्षींत सांगितलें कीं, एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीनें कधींच नफा मिळविलेला नाहीं. मग नफा कोठून येतो? प्लेस्टेशन ५ आलें तेव्हां त्यावरील एका मोठ्या नव्या खेळाची भारतांतील किंमत ४,९९९ रुपये होती. शिवाय इंटरनेटवरून इतरांशीं खेळावयाचें तर बहुतेक विकतच्या खेळांना वर्गणी भरावी लागते. दहा खेळ घेतले कीं यंत्राइतकाच पैसा पुनः गेला. म्हणून यंत्राच्या किंमतीवर वाद घालून खेळांच्या खर्चाचा विचारही न करणारें कुटुंब घोडा घासाघीस करून विकत घेतें, आणि दाण्याचा हिशेब विसरतें.

याच दृष्टीनें दहा हजारांच्या फरकाकडे पाहावें. डिस्कची सोय नसलेलें यंत्र स्वस्त दिसतें. पण डिस्क असली म्हणजे ती मित्राकडून उसनी आणतां येते, वापरलेली घेतां येते, आणि खेळून झाल्यावर विकतां येते. प्रत्येक खेळामागें यामुळें दोन हजार रुपये वांचले असें धरलें, तर पांच खेळांत फरक भरून निघतो. उलट ज्या घरांत दोनच खेळ वर्षानुवर्षें खेळले जाणार, त्यांना तो फरक देण्याचें कारण नाहीं. तात्पर्य, स्वस्त कोणतें याचें उत्तर त्या वस्तूंत नसून आपल्या वापरांत आहे. आपण कसे वागणार हें प्रामाणिकपणें ओळखल्यावांचून काटकसरसुद्धां करतां येत नाहीं.

थांबावें हा वडीलधाऱ्यांचा नेहमींचा सल्ला. त्याला पूर्वी आधार होता. अमेरिकेंत प्लेस्टेशन २ हें यंत्र २००० सालीं २९९ डॉलरला निघालें. २००२ मध्यें तें १९९ ला आणि २००९ मध्यें ९९ डॉलरला मिळूं लागलें. धीर धरणाऱ्याला धीराचें फळ मिळे. परंतु २०२० मध्यें ४९९ डॉलरला निघालेलें प्लेस्टेशन ५ त्याच देशांत ऑगस्ट २०२५ मध्यें ५४९ डॉलरला विकलें जाऊं लागलें. पांच वर्षें थांबलेला ग्राहक पन्नास डॉलरनें मागें पडला. म्हणून 'थांबा' हा नियम बाजारभावाच्या आशेवर उभा करूं नये. त्याला दुसरा, अधिक भक्कम आधार आहे. सहा महिने थांबल्यावरही जी इच्छा तितकीच टिकते ती खरी, आणि जी शेजाऱ्याच्या घरीं यंत्र आलेलें पाहून उठली व चार आठवड्यांत मावळली ती उसनी. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञानें १८९९ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, कित्येक वस्तु उपयोगासाठीं नव्हे तर दिसण्यासाठीं घेतल्या जातात. खेळासाठीं खर्चाला मर्यादा घालतां येते, कारण खेळण्याच्या वेळेला मर्यादा आहे. दिसण्यासाठीं करावयाच्या खर्चाला ती घालतां येत नाहीं, कारण शेजारी पुढच्या वर्षीं नवें कांहीं आणणारच.

वेळेचा उल्लेख आला तेव्हां एक साधें गणित सांगतों. आठवड्याला पांच तास याप्रमाणें चार वर्षें खेळलें, तर सुमारें हजार तास होतात. पन्नास हजारांचें यंत्र मग तासाला पन्नास रुपये पडतें, व तेंही सगळें घर मिळून खेळलें तर माणशीं आणखी कमी. तेंच यंत्र पन्नास तास वापरून कपाटावर गेलें, तर तासाला हजार रुपये पडले. ज्या घरांत वडील रात्रीं नऊला येतात आणि मुलगा तीन शिकवण्यांना जातो, तेथें पैसा नसला तरी उसना मिळेल, पण तास कोठून आणणार? अशा घरांत यंत्र घेतलें जातें तें पुष्कळदां वेळेच्या ऐवजीं दिलेली भरपाई म्हणून. त्या भरपाईनें देणें फिटत नाहीं, हें मुलांना मोठ्यांच्या आधीं कळतें.

या सर्व हिशेबांच्या पलीकडचा, आणि सर्वांत जड, आक्षेप आहे तो निराळाच. पीटर सिंगर या तत्त्ववेत्त्यानें १९७२ च्या एका निबंधांत मांडलेला युक्तिवाद थोडक्यांत असा : आपल्या चैनीचा पैसा दुसऱ्याचें मरण टाळूं शकत असेल, तर तो चैनीवर घालण्याचा आपणांस अधिकार काय? या प्रश्नाला सोपें उत्तर नाहीं, आणि तें असल्याचा आव मी आणणार नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, हा प्रश्न कन्सोलला लागू असेल तर पैठणीला, परदेशच्या सहलीला आणि दिवाणखान्यांतील नव्या सोफ्यालाही लागू आहे. गरिबांची आठवण ज्याला फक्त मुलानें खेळणें मागितल्यावरच होते, तो दानशूर नसून गरिबांचा उपयोग करून घेणारा आहे. ज्यास हा आक्षेप खरोखर बोंचतो, त्यानें वर्षाच्या आरंभींच द्यावयाचा वांटा बाजूला काढावा, आणि मग उरलेल्यांतून खेळाचा विचार करावा. तुकोबांनीं धनाविषयीं जें सांगितलें त्याचा आशय असा कीं, मिळविणें सचोटीचें असावें आणि खर्च करतांना मन त्यांत गुंतून राहूं नये. पहिला नियम आपण मुलांना आवर्जून शिकवितों. दुसरा शिकवीत नाहीं.

आणि येथें मूळ मुद्दा येतो. मुलानें कन्सोल मागितला असतां आपल्या घरांत बहुधा एकच वाक्य ऐकूं येतें : "परवडत नाहीं." या वाक्यांत दोन अगदीं भिन्न अर्थ दडलेले असतात. एक म्हणजे पैसा खरोखरच नाहीं. दुसरा म्हणजे पैसा आहे, पण त्यावर घालणें योग्य वाटत नाहीं. पहिला अर्थ वस्तुस्थितीचा, दुसरा निर्णयाचा. वस्तुस्थिति सांगितली म्हणजे वाद मिटतो. निर्णय सांगितला म्हणजे त्याचीं कारणें द्यावीं लागतात. तें टाळण्यासाठीं सुखवस्तु पालक निर्णयाला वस्तुस्थितीचा वेष चढवितात. त्याच महिन्यांत घरीं नवा सोफा येतो, आणि बारा वर्षांचा मुलगा न बोलतां समजतो कीं, आईबाप पैशाविषयीं खरें सांगत नाहींत. उलट ज्यांना खरोखर परवडत नाहीं असे कित्येक, तें वाक्य उच्चारण्याची लाज वाटून, हप्त्यांवर यंत्र आणतात, आणि खेळाचा आनंद संपल्यावरही हप्ते चालूच राहतात. एक सत्य असतांना तें वाक्य बोलत नाहीं, दुसरा असत्य असतांना बोलतो. दोघांच्याही मुलांना पैशाचें खरें माप कधींच कळत नाहीं.

तेव्हां किती खर्चावें? सर्वांना लागू पडेल असा आंकडा मला देतां येत नाहीं. महिन्याला पन्नास हजार मिळविणाऱ्याचा तो सबंध महिना आहे, दोन लाख मिळविणाऱ्याचा आठवडा. पण आंकडा ठरविण्याची रीत सांगतां येते. खेळासाठीं कर्ज काढूं नये. इतरांचीं देणीं आधीं द्यावीं. यंत्राबरोबर दोन वर्षांचे खेळ आणि वर्गणी धरून एकच बेरीज मांडावी. ती मुलांसमोर मांडावी, आणि खेळावयाचे तासही तेथेंच ठरवावे. नकार द्यावयाचा असेल तर तो त्याच्या खऱ्या कारणासह द्यावा. मुलगा रुसेल, पण फसविला गेला असें त्याला वाटणार नाहीं. होकार द्यावयाचा असेल तर तो आंकडा घरांतील प्रत्येकाच्या, स्वयंपाकघरांत भांडीं घासणाऱ्या बाईंच्यासुद्धां, कानांवर पडला तर आपला आवाज खालीं येतो काय, हें पाहावें. आवाज खालीं आला म्हणजे खर्च अयोग्यच ठरला, असें नाहीं. परंतु बाईंचा पगार शेवटीं केव्हां वाढविला होता, याचा विचार त्या खरेदीच्या आधीं करणें मात्र आवश्यक आहे.