लंगडी कोंबडी आणि आपले दायित्व

ज्या घरात रविवारी कोंबडीचा रस्सा आनंदाने केला जातो, त्याच घराने एका लंगड्या कोंबडीची शुश्रूषा करीत बसावे काय? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल, कदाचित हास्यास्पदही. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेने धर्मचिकित्सेची परंपरा जोपासली आणि मराठी विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, तेथे चर्चेला याहून थोर विषय पुष्कळ आहेत. परंतु माणसाची नीती व्यासपीठावर दिसते तितकीच ती परसदारीही दिसते, असे आम्हास वाटते.

हा प्रश्न आम्हास वाईतील एका ख्रिस्ती घरी प्रत्यक्षच विचारण्यात आला. पिलू असताना आणलेली एक गावरान कोंबडी एका पायाने अधू झाली. खुराड्यातील इतर कोंबड्या तिला टोचू लागल्या, अंडी देणे थांबले. घरातील नातीने तिला पडवीत पोत्यावर निजवून हाताने कण्या भरविण्यास आरंभ केला. आजी म्हणाल्या, "फादर, दाणे काय फुकट मिळतात? कोंबडी ती कोंबडीच. नाताळला तिचा रस्सा केला तर पाप लागेल का?" नात म्हणाली, "ती माझ्या हाकेला येते, फादर. पाय दुखतो म्हणून कापायची का?" दोघींच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम आजींची बाजू पाहू. पवित्र शास्त्र त्यांना दोषी ठरवीत नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात लंगडा वा आंधळा पशू परमेश्वराला अर्पण करू नये, असा दंडक आहे. पण असा पशू घरी खाण्यास तेथेच मुभाही आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या श्रद्धाशिक्षणग्रंथानेही अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे न्याय्य मानले आहे. एवढेच नव्हे, तर माणसाचे दुःख निवारण्यासाठी आधी खर्च व्हावा असा पैसा प्राण्यांवर उधळणे आणि केवळ माणसालाच देय असलेले प्रेम त्यांना वाहणे अनुचित आहे, असेही तो ग्रंथ सांगतो. ज्या घरात आजोबांचे औषध पैशाअभावी राहिले आहे, त्या घराने कोंबडीवर शेकडो रुपये खर्चावेत, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

परंतु त्याच ग्रंथात, त्याच ठिकाणी, दुसरेही वचन आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून माणसाने त्यांना दयेने वागविणे हे त्याचे देणे आहे. त्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे. 'देणे' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. मर्जी असली तर करावयाचा हा उपकार नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी सातशेहून अधिक वर्षांपूर्वी असे प्रतिपादिले, की जो मुक्या प्राण्याविषयी कळवळा बाळगतो त्याला माणसाविषयी कळवळा येणे सुलभ होते आणि क्रौर्याचेही तसेच आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक जीवाला परमेश्वरापुढे स्वतःचे मोल आहे, ते केवळ आपल्या उपयोगावर अवलंबून नाही, असे त्यांनी शिकविले. आणि प्रभू येशूने यरुशलेमविषयीची आपली व्याकुळता सांगताना गरुडाची वा सिंहाची उपमा निवडली नाही. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची निवडली. आपल्या श्रोत्यांनी ती अंगणात रोज पाहिली आहे, हे तो जाणून होता.

मग एका कोंबडीचा रस्सा करावा आणि दुसरीला पोत्यावर निजवावे, हा दुटप्पीपणा नव्हे काय? आमच्या मते, नव्हे. मात्र त्याचे कारण नीट समजून घ्यावे लागेल. केवळ नाव ठेवले, लळा लागला, म्हणून एखादा जीव अधिक मोलाचा होत नाही. पण आपण ज्याला पदरी घेतले, ज्याने आपल्या हातचे दाणे खाऊन आपल्यावर विसंबण्याची सवय लावून घेतली, त्याच्याविषयीचे दायित्व आपण स्वतःहून पत्करलेले असते. अंडी होती तोवर ते दायित्व होते आणि पाय अधू होताच संपले, असे म्हणणे म्हणजे तो सारा व्यवहारच होता, अशी कबुली देणे होय. तसा व्यवहार करण्यास आजी मोकळ्या आहेत. पण मुलीच्या हाती पिलू देताना "सांभाळ हिला" असे घरानेच सांगितले असेल, तर तो शब्द घराने पाळावयास हवा.

दायित्व म्हणजे भाबडेपणा नव्हे. प्रथम पाय पाहावा. तळव्यावर सूज व काळी खपली असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. पायावरील खवले उचलले गेले असतील तर सूक्ष्म किडीचा उपद्रव असू शकतो. लहान पिलाची बोटे आत वळत असतील तर आहारातील जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. या गोष्टींवर पुष्कळदा इलाज होतो. मॅरेक्स नावाच्या विषाणुजन्य रोगाने पाय लुळे पडतात, त्यावर मात्र उपचार नाही. पिलाला जन्मतःच दिली जाणारी लसच काय ती उपयोगी. हे ठरविणे जाणकाराचे काम आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. घरी करावयाचे ते थोडके : इतर कोंबड्यांपासून वेगळी जागा, कोरडे व मऊ अंथरूण, चोच पोहोचेल असे दाणापाणी, आणि एकाच कुशीवर पडून जखम होऊ नये म्हणून दिवसातून काही वेळा कूस पालटणे. यास पैसा थोडा लागतो. लक्ष मात्र पुष्कळ लागते.

आणि वेदना शमत नसतील तर? १९२८ साली साबरमती आश्रमात एक जखमी वासरू असह्य यातनांत तळमळत होते. इलाज खुंटल्यावर महात्मा गांधींनी डॉक्टरांकरवी त्याला मरण देवविले आणि त्यासाठी देशभरातून कठोर टीका सोसली. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा हा मार्ग कदापि मान्य करीत नाही, कारण मनुष्यजीवन परमेश्वराच्या प्रतिमेचे आहे. प्राण्याच्या बाबतीत मात्र जलद व वेदनारहित शेवट हीही दया ठरू शकते. केवळ एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा : यातना कोंबडीला होत आहेत, की अडचण आपल्याला होत आहे? तसेच शेजाऱ्याचे हित ही दुसरी मर्यादा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्ल्यू आला तेव्हा पोल्ट्रीतील कोंबड्यांबरोबर घराघरांतील पाळीव कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. तेथे लळ्यापेक्षा लोकांचे आरोग्य श्रेष्ठ होते, आणि ते तसेच असावयास हवे.

आता आपणा सर्वांना अवघड वाटणारी गोष्ट. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी परसातले सुमारे ३२ कोटी, उरलेले बहुतांशी व्यापारी शेडमधले. ब्रॉयलर कोंबडी अवघ्या पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते. गावरान कोंबडीला तेवढे होण्यास कित्येक महिने लागतात. या वेगाने वाढणारे शरीर पुष्कळदा पायांना पेलवत नाही, आणि अशा शेडमधील लंगडेपणा हा पशुवैद्यकास चांगलाच परिचित विषय आहे. म्हणजे पडवीतली कोंबडी अपघाताने लंगडी झाली; परंतु अनेक कोंबड्या आपल्या स्वस्ताईच्या सोयीपायी लंगड्या होतात. त्यांना कोणी नाव ठेवलेले नसते. दोष केवळ पोल्ट्रीवाल्यावर ढकलून चालणार नाही. तोही कर्ज काढून पोट भरणारा माणूस आहे. कमीत कमी दरात अधिकात अधिक मांस मागणारे हात आपले आहेत.

म्हणून आजींच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : रस्सा करण्यात पाप नाही, पण उपयोग संपला की जीवाचे मोलही संपते असे घरातील मुलांना शिकविण्यात मोठी हानी आहे. मनुष्य आणि कोंबडी यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु मुलांची दृष्टी एकच असते. त्याच दृष्टीने ती उद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडेही पाहणार आहेत. प्रभूने मेजवानीला लंगड्यापांगळ्यांना बोलाविण्यास सांगितले, कारण ते परतफेड करू शकत नाहीत. परतफेडीची आशा न धरता सेवा करण्याचा पहिला धडा एखाद्या बालिकेला मूठभर कण्यांच्या मोलात मिळत असेल, तर पालकहो, तो मिळू द्यावा. आणि बाजारातून कोंबडी आणताना ती कशी वाढली, याचीही चौकशी करावी.