अडलेल्याचा भाव

आलिशान मोटारीच्या मालकाविषयी सहसा कोणाला कणव वाटत नाही. त्याच्या गाडीचा समोरचा एक दिवा फुटला आणि त्यापायी नव्या स्कूटरहून अधिक रक्कम मोजावी लागली, तर ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु न्यायाचा निवाडा गिऱ्हाइकाची थैली पाहून करावयाचा असतो काय?

प्रथम विक्रेत्याची बाजू पाहू. पूर्वी दिवा म्हणजे काच, परावर्तक आणि बल्ब. बल्ब गेला की तेवढाच बदलता येई. आज एकाच बंदिस्त पेटीत एलईडी, चिमुकल्या मोटारी व नियंत्रक यंत्रणा असते. लहानसा भाग बिघडला तरी पुष्कळदा सबंध पेटी बदलावी लागते. असे भाग थोड्या संख्येने बनतात, परदेशांतून आले तर आयातशुल्क पडते आणि ते वर्षानुवर्षे गोदामात राखून ठेवावे लागतात. या खर्चाचा मोबदला मागण्यात अन्याय नाही.

तथापि किमतीत आणखी एक हिस्सा दडलेला असतो, तो गिऱ्हाइकाच्या अगतिकतेचा. गाडी घेताना त्याला अनेक दुकाने मोकळी असतात. सुटा भाग घेताना एकच दार उरते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा त्यातील मुख्य ठपका होता. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने त्यांपैकी तीन कंपन्यांचा दंड घटविला. दोष मात्र कायम ठेवला. आरोपितांत आलिशान गाड्यांचे निर्माते होते, तसे सामान्यांच्या गाड्यांचेही होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमक्या याच गाठीला हात घातला होता. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याची हानी होत असेल, तर ती किमतीत धरण्यास त्यांची हरकत नव्हती. मात्र त्याचे काही विशेष जात नसता, केवळ घेणाऱ्याची गरज मोठी म्हणून भाव चढविणे त्यांना अमान्य होते. गरज घेणाऱ्याची असते. जे आपले नाही, ते आपण विकावे कसे?

शिवाय हा भार श्रीमंतावरच थांबत नाही. कुशल मिस्त्रीला भागच मिळत नसेल, तर त्याचे कसब वाया जाते. विमा कंपनी वाढीव खर्च हप्त्यांतून सर्वांवर वाटते. दुरुस्तीचा खर्च विम्यातील मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की चांगल्या इंजिनाची गाडीही निकालात निघते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या अंगणात अशी गाडी नसेल. परंतु ‘अडला हरी’ कधी ना कधी प्रत्येकाच्या दारी येतो: उन्हाळ्यात टँकरवाल्याकडे, मध्यरात्री रिक्षावाल्याकडे, परीक्षेच्या तोंडावर शिकवणीच्या मास्तरांकडे. त्या घडीला आपण आपल्या श्रमाचे मोल मागतो की त्याच्या अडचणीचे, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कंपन्यांना जाब विचारण्याचा अधिकार त्या उत्तरातूनच येईल, असे आम्हांस वाटते.